प्रोजेक्टला बोंबील चालतात, डब्यात सोडे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालची तुमची शिक्षण पुरवणी वाचली. इंटरनॅशनल शाळांमध्ये मुलांना आपलेपणा कसा वाटावा, वेगवेगळ्या संस्कृतींची ओळख कशी व्हावी यावर अख्खं पान, त्यात प्रिन्सिपल लोकांची मतं, एका समुपदेशक बाईंची मतं आणि जगाच्या नकाशासमोर हसणाऱ्या मुलांचा फोटो. पोरांना किंवा त्यांच्या आईबापांना कुणी काही विचारलेलं दिसलं नाही, आजीला तर कोण विचारतंय, म्हणून न विचारता सांगते.

माझा नातू अशाच एका शाळेत चौथीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, त्याला अजून तिथेच शिकायचंय आणि या वर्षाची फी भरून झालीय. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला पळतात, डबा माझ्याकडे. आम्ही सीकेपी, मासळी खाणारे, घरात सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी झाली की ती डब्यातही जाणारच, त्यात विचार करण्यासारखं काय आहे. (सोड्याचा भाव जरा बाजारात जाऊन विचारा, मग कळेल की नातवावर जीव असल्याशिवाय कुणी डब्यात घालत नाही.) तर त्या दुपारी मुलाला शाळेचा ईमेल, की कृपया स्ट्राँग स्मेल असलेले पदार्थ पाठवू नयेत, इतर मुलांना त्रास होतो, आपल्या सगळ्यांनाच लंच टाइम इन्क्लुझिव्ह हवाय, आणि खाली वॉर्म रिगार्ड्स. पोराला डबा घेऊन वेगळ्या टेबलावर बसवलं होतं हे मात्र त्या ईमेलमध्ये नव्हतं, ते त्याने रात्री झोपताना सांगितलं. वर म्हणाला, आजी, उद्यापासून पास्ता दे.

आता कुणी म्हणेल ॲलर्जी असेल एखाद्याला. असते ना, कोळंबीची ॲलर्जी खरीच असते आणि कधीकधी जिवावर बेतते. तसं लिहिलं असतं तर मी त्या दिवसापासून बटाट्याची भाजी दिली असती, एका शब्दाने बोलले नसते. पण तक्रार ॲलर्जीची नव्हतीच हो, वासाची होती.

आणि गंमत पुढे आहे. त्याच टर्मला यांच्या वर्गाची वेसाव्याला ट्रिप गेली, कोळीवाडा बघायला. बांबूवर वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो काढले, कोळणींशी गप्पा मारल्या, आल्यावर मोठा चार्ट केला, मुंबईचे मूळ रहिवासी, त्यांचं खाणंपिणं, त्यांची नाती समुद्राशी. चार्ट महिनाभर कॉरिडॉरमध्ये लटकत होता. म्हणजे बोंबील भिंतीवर चालतो. नंतर इंटरनॅशनल डे झाला, मीही गेले होते, सूनबाईंना निरोप होता की ट्रॅडिशनलमध्ये या, म्हणून ती बिचारी हाफ डे टाकून नऊवारीत. कोरियाच्या स्टॉलवर किमची होती, आंबवलेली कोबी, तिचा वास दाराशीच येत होता आणि सगळे आईबाप डोळे मिटून वा वा करत होते. जपानची सुशी, तिच्यात तर मासळीच होती. भारताच्या स्टॉलवर काय, तर समोसे आणि राजस्थानी कठपुतळ्या. मी एका कोऑर्डिनेटर बाईंना नीट, हसून विचारलं की सोडे घेऊन आले असते तर? त्या म्हणाल्या, आजी, दॅट्स डिफरंट. कसं डिफरंट ते विचारेपर्यंत भाषण सुरू झालं. भाषणाचा विषय अर्थातच आपलेपणा.

तुमच्या लेखात जिनिव्हाचं कौतुक होतं. बरोबर आहे, 1924 साली तिथे पहिली अशी शाळा निघाली, महायुद्ध होऊन गेलेलं, राष्ट्रसंघात आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरीला देशोदेशीची माणसं आलेली, त्यांच्या पोरांसाठी. तिथे पोरं खरंच देशोदेशीची होती. आमच्याकडे वर्गात एक कोरियन मुलगी सोडली तर बाकी सगळं जग जुहूपासून खारपर्यंत. आणि ते आयबीवाले, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ज्यांचा अभ्यासक्रम शाळा शिकवते आणि ज्यांची पाटी शाळेच्या गेटवर आहे, त्यांच्या ध्येयधोरणात स्वच्छ लिहिलंय की आपल्याहून वेगळी असलेली माणसंसुद्धा बरोबर असू शकतात. मुलाने मोबाईलवर वाचून दाखवलं. असू शकतात, फक्त त्यांनी डबा घरी ठेवून यावं.

मी भायखळ्याला वाढले. वर्गात बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, मुली होत्या, घरात मराठीच बोलायच्या, त्यांच्या आज्यांना आमच्या आज्या सरळ शनिवार तेली म्हणायच्या (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली म्हणून) आणि कुणाला राग यायचा नाही. त्यांच्याकडे मलिदा खाल्लाय मी, पोहे गूळ खोबऱ्याचा, तो कशासाठी करतात हे तिथेच पाटावर बसून कळलं. गोव्याकडच्या मुली सॉसेज आणायच्या, वास यायचाच, आम्ही नाक मुरडायचो आणि मग मागून घेऊन खायचो. बाईंनी ईमेल केला नाही, अर्थात तेव्हा ईमेल नव्हता, पण चिठ्ठीही दिली नाही. आता सोसायटीत मांसाहारी म्हणून फ्लॅट नाकारतात तेच लोण शाळेत आलंय, फक्त इंग्रजी चांगलं आहे.

बाकी मराठीच्या तासाबद्दल तुमच्या पानभर लेखात एक ओळ नाही. 2020 चा कायदा आहे ना, बोर्ड कुठलाही असो मराठी शिकवायचीच, नाहीतर लाखापर्यंत दंड. मग 2023 मध्ये सरकारनेच दुसऱ्या बोर्डांना काही वर्षांची सूट दिली होती, नुसती श्रेणी द्या, मार्क धरू नका. कायदा काहीही म्हणो, तो तास कशाला वापरतात ते मुलांना विचारा, नातवाचा मराठीचा तास ॲन्युअल डे जवळ आला की डान्स प्रॅक्टिसला जातो आणि डान्स कोळीगीतावर असतो. यावर लिहा की एखादं पान. पण त्याच पुरवणीत मागच्या पानावर अशाच शाळेची फुल पेज जाहिरात होती, त्यामुळे फार आशा नाही.

आणि एक. मागे बेस्टच्या बसथांब्याबद्दल मी पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही निम्मं कापलंत आणि उरलेल्यात थांब्याचं नावच नव्हतं. हे कापायचंच झालं तर जिनिव्हा कापा, सोडे ठेवा.

— एक आजी, अंधेरी