श्रीलंकेतल्या हिक्कडुवात मुक्काम लांबवणाऱ्या लेकीस

हर्णै, 24 एप्रिल

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस की गॉलचा किल्ला इतका जवळ असूनही तिकडे फिरकली नाहीस, दिवसभर माडाखाली पडून राहिलीस, रात्री कोट्टू रोटी खाल्लीस आणि आता मे महिनाही हिक्कडुवातच काढावा असे तुझ्या मनात आहे. त्यावर बाबा जे बोलले ते तुला लागले. लोळण्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. पुण्याच्या नोकरीत तुला रविवारसुद्धा धड मिळत नव्हता. त्या केशरी थंबिली नारळाचे पाणी पीत आणखी चार दिवस स्वस्थ पडून राहा. पाठीवर पिशवी टाकून तू एकटी परमुलूख पाहते आहेस, हे मी इथे बाजारात, देवळात, विचारील त्याला सांगते.

माझा जीव अडकला आहे तो तू जाता जाता सांगितलेल्या गोष्टीत. सर्फिंगची मंडळी निघून गेली की तिन्हीसांजेला तू एकटीच पोहायला उतरतेस.

तू समुद्राकाठची मुलगी आहेस, हे मला ठाऊक आहे. पण तो समुद्र आपला नव्हे. आपल्याकडे भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर चढते-उतरते, त्यामुळे केव्हा उतरावे आणि केव्हा नाही, हे किनाराच सांगतो. तिथे तो फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर असतो, म्हणून पाणी सदा एकसारखे आणि सोज्वळ वाटते. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने परत आत धावते, आणि नेमक्या त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. जिथे पाणी शांत आणि गडद दिसते, तिथेच ओढ असते. तिच्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत येऊ नये, काठाला समांतर पोहत बाजूला व्हावे, आणि तेही जमत नसेल तर नुसते तरंगत राहून हात वर करावा. पण एकटीने वर केलेला हात पाहणार कोण? शिवाय नैर्ऋत्य मोसमी वारे आपल्याकडे जूनमध्ये येतात, तिथे मेच्या उत्तरार्धातच पोहोचतात, आणि त्याआधीपासून तो किनारा खवळू लागतो. पुन्हा वर्गात शिकवल्यासारखे झाले, राग मानू नकोस.

त्सुनामीची भीती मी घालत नाही. पेरालियाच्या त्या त्सुनामी-स्मारकाच्या बुद्धमूर्तीपाशी तू गेली होतीस. 26 डिसेंबर 2004 ला पहिल्या लाटेनंतर थांबलेल्या आगगाडीत आसऱ्याला म्हणून गावातली माणसे चढली आणि पुढच्या मोठ्या लाटेत 1,700 हून अधिक जीव गेले, हे वाचून रात्रभर झोप आली नाही, असे तूच मला कळवले होतेस. तसे संकट रोज येत नाही. मी बोलते आहे ते रोजच्या पाण्याविषयी.

शशीमामाचे नाव मी काढणार नव्हते. त्याच्याइतका पोहणारा बंदरावर दुसरा नव्हता, एवढेच लिहिते.

तू लहान असताना कर्द्याच्या पुळणीवर अण्णा तुझे मनगट धरून घोटाभर पाण्यात उभे राहायचे. लाट मागे फिरली की टाचेखालची वाळू सरकायची, तू किंचाळून हसायचीस, आणि अण्णा म्हणायचे, "कळलं का, कुठे ओढतोय तो?" तुला कळायचे; डोळे मिटून तू बोटाने दिशा दाखवायचीस, आणि ती बरोबर असायची. तुझा पिवळा झगा तेव्हा कमरेपर्यंत भिजलेला असे. माई घरी ओरडायची, आणि ओरडता ओरडताच तुझे केस पुसायची.

तर राहायचे तितके राहा. पोहायचे तर सकाळी, चारजण पाण्यात असताना. लाल बावटा असेल तर अजिबात नाही. आणि मेमध्ये समुद्र बिघडला की एल्लाच्या डोंगरात जा, तिथेही लोळता येते. पाण्यात उतरण्यापूर्वी मला विचारू नकोस, मी नाहीच म्हणेन. बाहेर आल्यावर मात्र एक ओळ टाकत जा.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी आज सकाळी तुझ्या खात्यावर पैसे भरले आहेत. त्यांनी सांगू नकोस म्हटले होते, तेव्हा तू आपणहून विषय काढू नकोस, पण त्यांना फोन कर.