माजी फुटबॉलपटूंना महाविद्यालयांत आणा, पण सहायक प्रशिक्षक म्हणून: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: अनुदानित महाविद्यालयांत माजी नामवंत फुटबॉलपटूंची सहायक प्रशिक्षक म्हणून नेमणूक करण्याबाबत

महोदय,

महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी ही राज्य संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा शेवटची जिंकली ती १९९९-२००० च्या हंगामात. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. त्या काळात मोठ्या संघांतून आणि कोल्हापूरच्या तालमींतून खेळलेले अनेक उत्तम खेळाडू आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्याकडून शिकावे अशा वयाची मुलेमुली महाविद्यालयांत आहेत. या दोघांची गाठ घालून देणारे पद मात्र अनुदानित महाविद्यालयांच्या मंजूर पदांत नाही. शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद असते आणि ती एक व्यक्ती कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे सांभाळते.

खेळाडूंसाठी नियमात वाट आहे, असे यावर सांगितले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी, त्यात ५५ टक्के, शिवाय नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पर्याय म्हणून पदव्युत्तर पदवी असलेला आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतील पदकविजेताही चालतो. कबड्डीपटूला आणि कुस्तीगिराला हा पर्याय उपयोगी आहे. फुटबॉलपटूला नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत फुटबॉल खेळला जात नाही आणि आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे शेवटचे पदक मिळाले ते १९७० मध्ये, कांस्य. म्हणजे आज हयात असलेल्या जवळपास प्रत्येक फुटबॉलपटूला हे दार बंद आहे.

आयोगाची २०२२ ची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजना थोडी जवळची आहे. तिला औपचारिक पदवीची अट नाही. पण किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नेमणुका करता येत नाहीत आणि मुदत साधारण तीन वर्षांची, अपवाद म्हणून चार. ही योजना व्याख्यानासाठी आखलेली आहे, रोज सकाळी सहाला मैदानावर उभे राहण्यासाठी नाही. म्हणून आमची मागणी स्वतंत्र शासन निर्णयाची आहे. त्यात ‘सहायक फुटबॉल प्रशिक्षक’ हे पद नावानिशी यावे, आणि तो क्रीडा व उच्च शिक्षण या दोन्ही विभागांनी मिळून काढावा. एकट्या क्रीडा विभागाने काढला तर प्राचार्य तो बंधनकारक मानणार नाहीत. एकट्या उच्च शिक्षण विभागाने काढला तर पैसे येणार नाहीत.

‘सहायक’ या शब्दावर आम्ही अडून आहोत. मोठ्या नावाला थेट मुख्य प्रशिक्षक करणे हा सोपा आणि लोकप्रिय निर्णय असतो. वर्तमानपत्रात फोटो येतो, पहिला महिना गर्दी होते आणि दिवाळीपर्यंत निम्मी मुले सरावाला येईनाशी होतात. याची कारणे मैदानावर दिसतात. ज्याच्या पायात खेळ मुरला आहे, त्याला तो शब्दांत मांडण्याची गरज कधी पडलेली नसते. गोलच्या जवळच्या खांबाकडे धाव कधी घ्यायची, हे तो पळून दाखवतो आणि म्हणतो, “अशी घ्यायची.” मुलाला हवी असते ती खूण: बगलेवरच्या खेळाडूने क्रॉससाठी, म्हणजे कडेने गोलसमोर चेंडू टाकण्यासाठी, शेवटचा स्पर्श घेऊन मान खाली घातली की निघ, त्याआधी निघालास तर बचावपटू तुला गाठतो. गोलरक्षकाला “लक्ष ठेव” म्हणून काही होत नाही. फटका बसण्याच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर आणि वजन पंजांवर हवे, हे सांगावे लागते.

दुसरी चूक सरावाच्या मांडणीची. सोळा मुले एका रांगेत, एक चेंडू, एक गोल, प्रत्येकाने एक फटका मारायचा. एका फटक्याला पंधरा सेकंद धरले तर मुलाची पाळी चार मिनिटांनी येते, तासाभरात पंधरा फटके. तीच मुले चार-चारच्या गटांत, चार चेंडू आणि चार छोट्या गोलांवर विभागली तर पाळी मिनिटाला येते, तासाला साठ. यासाठी नामवंत असण्याची गरज नाही, शिकलेले असण्याची आहे.

तिसरी चूक दुखापतींची. मैदानाला दोन फेऱ्या, उभ्या-उभ्या थोडे ताण आणि लगेच गोलवर जोरदार फटके, ही जुन्या खेळाडूंची सवय. मांडीच्या मागचा स्नायू यातच जातो. ‘फिफा ११+’ हा तयारीचा कार्यक्रम तीन भागांत, १५ व्यायामांचा, सुमारे २० मिनिटांचा आहे. त्याला वेगळे साहित्य लागत नाही आणि तो आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. मुलींच्या संघात तर तो टाळूच नये, कारण उडीनंतर गुडघा आत वळण्याची सवय मोडणारे व्यायाम त्यात आहेत आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर महाविद्यालयीन कारकीर्द बहुधा तिथेच संपते. नव्या सहायकाने पहिल्या आठवड्यात हा कार्यक्रम स्वतः करून, मग घेऊन दाखवावा, अशी अट घाला.

मग नामवंत खेळाडू हवाच कशाला? कारण त्याच्याकडे असलेले काही अभ्यासवर्गात मिळत नाही. एका गोलने पुढे असताना शेवटची दहा मिनिटे कशी काढायची, पंचाचा निर्णय विरुद्ध गेल्यावर संघाला कसे आवरायचे, चेंडू येण्याआधी खांद्यावरून कधी पाहायचे, व्यावसायिक क्लबच्या चाचणीत निवड करणारे नेमके काय पाहतात. मुले त्याचे ऐकतातही पटकन. हे सगळे टिकवून वरच्या चुका टाळायच्या, तर त्याला परवानाधारक मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली एकच विभाग द्यावा: आघाडी, बचाव किंवा गोलरक्षण.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत हेच होते. तिथला फुटबॉल वेगळा, पण नेमणुकीची रीत पाहण्यासारखी आहे. कोलोरॅडो विद्यापीठात २०२४ मध्ये वॉरन सॅप हे हॉल ऑफ फेममधले खेळाडू पदव्युत्तर विद्यार्थी-सहायकाच्या जागेवर आले, प्रशिक्षकांच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवर. २०२५ मध्ये मार्शल फॉक तिथे आले ते केवळ रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, या एका जागेच्या खेळाडूंसाठी. एवढ्या मोठ्या नावांना तिथे एकेका तुकडीचे काम पुरते, तर आपल्याकडे संकोच वाटण्याचे कारण नाही.

परवान्याची शिडी तयारच आहे: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’, मग आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’. रुजू होण्याआधी ‘डी’ आणि पुढच्या १८ महिन्यांत ‘सी’, एवढी अट पुरे. ‘बी’ची अट घातलीत तर अर्ज येणार नाहीत. काहीच घातली नाहीत तर ओळखीवर नेमणुका होतील. राज्याने हे वर्ग महासंघाच्या मदतीने मराठीतून घ्यावेत. पंधरा वर्षे खेळलेला माणूस लेखी परीक्षेत इंग्रजीमुळे अडखळावा, हे योग्य नाही.

निवड मुलाखतीने करू नका. उमेदवाराला तासभर आधी विषय द्या, उदाहरणार्थ ‘मध्यरेषेजवळ चेंडू गेल्यावर पहिले पाच सेकंद’, सोबत सोळा विद्यार्थी आणि ४० मिनिटे. कडेला बसलेल्या तिघांनी चारच गोष्टी मोजाव्यात: एका ठरावीक विद्यार्थ्याला चेंडूचे किती स्पर्श मिळाले, मुले रांगेत किती वेळ उभी राहिली, उमेदवार एका दमात किती सेकंद बोलला आणि चूक दिसल्यावर त्याने ती दुरुस्त केली की नुसती ओरडून दाखवली. खेळ थांबवून सांगायचे ते तीस सेकंदांत संपले पाहिजे. खेळाडू म्हणून मिळवलेल्या प्रमाणपत्रांना एकूण गुणांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वजन नको.

कोल्हापूरसाठी एक वेगळे कलम लागेल आणि ते नाजूक आहे. तिथला फुटबॉल तालमी आणि तरुण मंडळांनी जगवला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधवही याच शहराचा. तिथला कोणताही नामवंत खेळाडू कुठल्या तरी तालमीचा असणारच, आणि महाविद्यालयाच्या संघात चार तालमींची मुले असतात. त्याने आपल्या पेठेच्या दोन मुलांना घेतले, तर ती निवड कितीही रास्त असली तरी कुजबुज सुरू होते. म्हणून संघनिवडीचे मत त्याला द्या, अंतिम सही मुख्य प्रशिक्षक आणि शारीरिक शिक्षण संचालकांची ठेवा. कराराच्या काळात त्याने कोणत्याही तालमीच्या संघाचे प्रशिक्षकपद घेऊ नये. हे त्याला कठीण जाईल, म्हणूनच पगार तसा हवा.

सामन्यांच्या भाराचा प्रश्नही इथलाच. सकाळी महाविद्यालयाचा सराव, संध्याकाळी तालमीचा, रविवारी सामना, असे मूल आठवड्याला नऊ-दहा सत्रे करते आणि कुणीच ती मोजत नाही. सहायकाने प्रत्येक खेळाडूची एक साधी वही ठेवावी: कुठे खेळला, किती मिनिटे, आणि दहापैकी किती दमला. हा आकडा लागोपाठ तीन दिवस आठच्या वर गेला की चौथ्या दिवशी सराव हलका.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी त्याच मैदानावर असतात, म्हणून पोक्सो कायदा इथे लागू होतो. नेमणुकीआधी पोलीस पडताळणी, मुलींच्या संघाबरोबर प्रवासात महिला कर्मचारी आणि अंतर्गत तक्रार समितीची माहिती मैदानाच्या फलकावर, यात नावाकडे पाहून सूट देऊ नये. पूरक पावडरी आणि गोळ्या सुचवण्यास बंदी असावी. बंदी घातलेले द्रव्य सापडले तर शिक्षा विद्यार्थ्याला होते.

आता पैसे. आज प्रशिक्षक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावर दहा-पंधरा दिवसांसाठी मानधनावर बोलावला जातो, किंवा तासिका तत्त्वावर. सुट्टीत तासिका नाहीत म्हणून पगार नाही, आणि मैदानी क्षमतेची पायाभरणी होते नेमकी तेव्हाच. आमचा प्रस्ताव असा: दरमहा ३५ हजार, बाराही महिने, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. साहित्यासाठी ७० हजार: २४ खेळाडूंमागे पाच नंबरचे १४ चेंडू, ५० शंकू, तीन रंगांची २४ बिब (गट ओळखण्यासाठी वरून घालायच्या बंड्या), चार छोटे हलवता येणारे गोल, दोन पंप आणि सुया, प्रथमोपचार पेटी. चेंडू पावसात दर दोन-तीन महिन्यांनी बदलावे लागतात, हे खरेदी करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. परवान्याचे शुल्क आणि प्रवास ३० हजार. एका महाविद्यालयाचा खर्च ५ लाख २० हजार होतो. पहिल्या वर्षी ३० महाविद्यालये घेतली तर १ कोटी ५६ लाख.

करार दोन वर्षांचा असावा, सहा महिन्यांनी आढावा. आढाव्यात जिंकलेले सामने मोजू नका. पहिल्याच वर्षी करंडक मागितला तर सहायक बाहेरून तयार खेळाडू भरेल आणि महाविद्यालयातली मुले बाकावर बसतील. सरावाची हजेरी, वर्गातली ७५ टक्के उपस्थिती, दुखापतीमुळे गेलेले दिवस आणि संघातल्या किती मुलामुलींनी स्वतः ‘डी’ परवाना घेतला, हे मोजा.

महाविद्यालये जूनमध्ये सुरू होतात आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पहिल्याच सत्रात होतात. जाहिरात, पडताळणी, चाचणी आणि ‘डी’ वर्ग यांना मिळून चार महिने लागतील. तेव्हा शासन निर्णय जानेवारीअखेर निघायला हवा. मसुदा तयार करण्याच्या कामी आम्हाला बोलावल्यास आम्ही स्वखर्चाने येऊ.

आपले,
महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये काम करणारे प्रशिक्षक आणि शारीरिक शिक्षण शिक्षक