भोरड्यांचा वड

संपादक महोदय,

आमच्या गच्चीसमोर जुना वड आहे. यंदा जानेवारीतच फळं लालबुंद झाली आणि सकाळी सातच्या सुमारास भोरड्यांचा थवा उतरू लागला. मध्य आशियातून आलेले हे पाहुणे, अंग गुलाबी, डोकं नि पंख काळे. कलकलाट इतका, की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही! एक भोरडी फळ चोचीत धरून फांदीवर आपटते, तेवढ्यात दुसरी ते पळवते. खाली लावलेली स्कूटर मात्र रोज धुवावी लागते.

लहानपणी आमचे अण्णा ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून याच भोरड्यांवर गोफण फिरवायचे. त्यांचा राग खराच होता. पण याच भोरड्या टोळही खातात, हेही तेच सांगायचे.

गेल्या आठवड्यात विजेच्या तारांना लागतात म्हणून फळांनी लगडलेल्या फांद्या तोडल्या. दुसऱ्या दिवशी थवा आला, दोन घिरट्या घालून निघून गेला. तारा मोकळ्या करायलाच हव्यात, पण छाटणी फळं संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर करता येणार नाही का?

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी