कृष्णा जवळनं का गेली नाही?

महोदय,

कृष्णा जुन्या महाबळेश्वरला उगम पावते, हे आमच्या वाई तालुक्यातल्या मुलांना पाठच असते. मी सातवीला भूगोल शिकवतो. परवा वर्गातल्या टीव्हीवर ‘गूगल अर्थ’ उघडले आणि त्यातली मोजपट्टी एका मुलीला वापरायला दिली. उगमापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किमी भरला. नदी मात्र पूर्वेला १,४०० किमी जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. मुलगी म्हणाली, "सर, मग ती जवळनं का न्हाई गेली?"

भिंतीवरच्या नकाशावरून हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. नकाशा तिरका केला तसा कोकणाकडचा कडा उभा राहिला, पठार पूर्वेला कललेले दिसले आणि त्याच डोंगरातून निघून पश्चिमेला बाणकोटकडे उतरणारी सावित्रीही सापडली. ‘जलविभाजक’, म्हणजे दोन बाजूंना वाहणारे पाणी वेगळे करणारा उंचवटा, हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, धडाही याच इयत्तेला आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशातला पांडवगडाचा भाग छापून टीव्हीवरच्या पांडवगडाशेजारी धरला. एका पोराने विरळ रेषांवर बोट ठेवले, "हितनं आमची शेरडं चढत्यात." दाट रेषांकडून कुणी चढत नाही, हेही त्यानेच सांगितले. परीक्षेत त्याला किती गुण पडतील कोण जाणे!

पडद्याआधी कागद, हा माझा हट्ट आहे. घर ते शाळा हा नकाशा मुलांनी हाताने काढलेला असतो, त्यात पार असतो, पिठाची गिरणी असते. म्हणून तर मोबाइलवरच्या एका नकाशात वाडीचे नाव चुकलेले त्यांना लगेच दिसले.

अडचण वेगळीच आहे. टीव्ही लोकवर्गणीतून आला, इंटरनेट माझ्या फोनचे. प्रशिक्षणात तयार व्हिडिओ कसे लावायचे तेवढे दाखवतात. इस्रोचे ‘भुवन’ हे उपग्रहचित्रांचे आणि नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून आहे, पण मी बसलेल्या एकाही प्रशिक्षणात ते कुणी उघडून दाखवले नाही. व्हिडिओला कुणी प्रश्न विचारत नाही. एक दिवस नुसता नकाशांसाठी द्या आणि शाळेच्या खर्चात इंटरनेटचे पैसे धरा, एवढीच शिक्षण विभागाला विनंती.

पुढचा तास धोम धरणाचा. उपग्रहचित्रे आदल्या रात्री घरूनच उतरवून नेणार आहे. मंगळवारी आमच्याकडे लाइट नसते.

— एक भूगोल शिक्षक, ता. वाई, जि. सातारा