वाघनखांच्या संग्रहालयाकडून आणखी एक गोष्ट : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे उसनी आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांनी ती डोळे भरून पाहिली. त्या निमित्ताने आपल्या खात्याचा त्या संग्रहालयाशी रीतसर करार झाला आहे. हा संबंध ताजा आहे तोवर त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट घ्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ती म्हणजे अभ्यासकाला संग्रह उघडून दाखवण्याची त्यांची पद्धत. वाघनखांच्या पेटीवर काय कोरले आहे, ती साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे कशी आली असे सांगितले जाते आणि अफझलखानाच्या वधात हीच वापरली गेली याची खातरजमा कशी होऊ शकलेली नाही, हे सारे त्या संग्रहालयाने उघडपणे नमूद केले आहे. त्यावरून आपल्याकडे वाद झाला तो झाला. पण वाद घालायलाही नोंद समोर असावी लागते.

त्याच संग्रहालयाकडे कला, अभिकल्प (डिझाइन) आणि रंगभूमी यांचे मोठे दप्तर, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा संग्रह, आहे. रंगभूमीच्या दप्तराची सुरुवात १९२४ साली गॅब्रिएल एन्थोव्हेन या बाईंनी दिलेल्या खासगी संग्रहापासून झाली आणि पुढे अनेक वर्षे त्या स्वतःच त्याची जुळवणी करीत राहिल्या. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधले स्वतंत्र नाट्यसंग्रहालय २००७ मध्ये बंद पडले, तरी दप्तर अभ्यासकांना मिळत राहिले; आधी एका जुन्या बचत बँकेच्या इमारतीत आणि आता पूर्व लंडनमध्ये ३१ मे २०२५ रोजी खुल्या झालेल्या नव्या भांडारगृहात. या भांडारगृहातल्या वस्तू पाहायला कोणीही यावे, विद्यापीठाचे शिफारसपत्र आणावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. घरबसल्या सूची चाळायची, पाचपर्यंत वस्तू निवडायच्या, किमान दोन आठवडे आधी वेळ ठरवायची, की ठरल्या दिवशी त्या टेबलावर मांडून ठेवलेल्या असतात.

अशा वाचनकक्षाचे नियम साधे असतात. शाईचे पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. जाड वहीचा कणा दुमडू नये म्हणून खाली फोमचे आधार. पान उडू नये म्हणून कापडात गुंडाळलेली वजने. कागदाला स्वच्छ कोरडे हात आणि छायाचित्रांना हातमोजे. टेबलावर एखाद्या प्रयोगाची प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून नटांना संवाद आणि खुणा देणाऱ्याची, वही उघडली की एका पानावर टंकलिखित संवाद आणि समोरच्या पानावर दिवे कधी मंद करायचे, नट कोणत्या विंगेतून येणार, विराम किती, याच्या पेन्सिलीतल्या खुणा दिसतात. काही खुणा खोडून वर दुसऱ्या केलेल्या असतात. तालमीत नाटक कसे बदलत गेले ते या खाडाखोडीत सापडते. छापील पुस्तकात त्याचा मागमूस नसतो.

आता आपल्याकडे पाहू. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगले, हे आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो. पण नाटक कंपन्यांच्या जमाखर्चाच्या चोपड्या, नटांसाठी उतरवलेल्या संवादांच्या नकला, हँडबिले, नेपथ्याचे आराखडे पाहायचे असतील तर अर्ज कोणाकडे करायचा, याचे एक उत्तर नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या वृत्तपत्री जाहिरातींतून मराठी अक्षराला वेगळे रूप दिले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकणाऱ्या मुलाला त्या अक्षरांची मूळ कामे हाताळून अभ्यासायची असतील, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? बहुतेक ठिकाणी उत्तर ओळखीपाळखीवर अवलंबून असते. एका संस्थेत मला कपाट दाखवण्यात आले. किल्ली मात्र रजेवर असलेल्या गृहस्थांकडे होती आणि आत काय आहे याची यादी कोणाकडेच नव्हती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. शाहू महाराजांच्या काळातली ती वास्तू पैसा आणि इच्छा असेल तर पुन्हा उभारता येते, पण ज्याची यादीच नाही असे कागद जळाले तर काय गेले हेही कळत नाही.

म्हणून माझा आग्रह नव्या भव्य इमारतीचा नाही. भूमिपूजने आपल्याकडे वेळेवर होतात. सुरुवात शासनाच्या स्वतःच्या कपाटापासून करावी. मराठी नाटकाला प्रयोगापूर्वी परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे नाटकांची पूर्वतपासणी करणाऱ्या सरकारी मंडळाचे, प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी संहिता सादर होते. राज्य नाट्य स्पर्धेतही दरवर्षी संहिता येतात. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने नाटकांची पूर्वतपासणी संपली, पण नव्या नाटकाची प्रत पहिल्या प्रयोगानंतर महिन्याभरात राष्ट्रीय ग्रंथसंग्रहात जमा करण्याचे बंधन त्याच कायद्याने घातले. आपण तपासणी ठेवली आहे. निदान तिच्यातून जमणारे कागद तरी वाचकाला मिळावेत.

दुसरी बाब प्रयोगांच्या चित्रीकरणाची. लंडनच्या त्या संग्रहालयाने १९९२ मध्ये कलावंतांच्या संघटनांशी करार करून निवडक प्रयोग चित्रित करण्यास सुरुवात केली. हे चित्रण विकले जात नाही, प्रसारित होत नाही. अभ्यासकाने तिथे जाऊन ते पाहायचे. आपल्याकडे निर्माते चित्रीकरणाला बिचकतात आणि त्यांचे बिचकणे रास्त आहे, कारण चोरून काढलेल्या प्रती फिरतात. नाट्य परिषद, निर्माते आणि कलावंत यांना एकत्र बसवून असा करार शासनच घडवू शकते.

यासाठी प्रशिक्षित अभिलेखपाल आणि कागदाचे जतन जाणणारे कर्मचारी कायमस्वरूपी लागतील. कंत्राटावर दर वर्षी बदलणाऱ्या माणसांकडून हे काम होत नाही, कारण दप्तराची ओळख व्हायलाच काही वर्षे जातात. वाघनखांच्या कराराच्या निमित्ताने ओळख झालेल्या त्या संग्रहालयाकडे आपले दोन-चार कर्मचारी शिकायला पाठवता आले, तर तोही खर्च सार्थकी लागेल.

येत्या ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आपल्या खात्याने परिनिरीक्षण मंडळ आणि राज्य नाट्य स्पर्धा यांच्याकडे आज असलेल्या संहितांची सूची, ती अपुरी असली तरी, संकेतस्थळावर जाहीर करावी आणि त्या वाचण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा व उत्तर किती दिवसांत मिळेल हे तिच्याखाली लिहावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
मराठी रंगभूमीचा एक अभ्यासक