खाटांचा आकडा नको, ऑक्सिजनचा हिशेब द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथीची चाहूल लागली की अतिदक्षता विभागात किती खाटा वाढवल्या, याची बातमी आधी येते. त्या खाटांवरच्या रुग्णांना मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन लागेल आणि तो कुठून येईल, हे कुणी विचारत नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हा प्रश्न आत्ताच, वॉर्ड शांत असताना विचारला जावा, म्हणून हे पत्र.

हिशेब अवघड नाही. भरलेल्या जंबो, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. पिशवीच्या मास्कवर १५ लिटरने ठेवलेल्या रुग्णाला तो पावणेआठ तास पुरतो. हाय फ्लोवर, म्हणजे नाकातल्या नळीने जोराचा प्रवाह देणाऱ्या यंत्रावर, ६० लिटर निव्वळ ऑक्सिजन लागणाऱ्याला तोच सिलिंडर दोन ताससुद्धा पुरत नाही. व्हेंटिलेटर त्या मानाने काटकसरी, १० लिटरच्या आसपास धरा. आता २० खाटांचा वॉर्ड घ्या: ६ जण हाय फ्लोवर सरासरी ४० लिटरने, ८ व्हेंटिलेटरवर, ६ मास्कवर. बेरीज होते मिनिटाला ४१० लिटर. म्हणजे दर १७ मिनिटांना एक जंबो रिकामा, दिवसाला ८४. मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडर पाइपला जोडतात त्या जागी, रात्रभर एकच मामा (वॉर्डबॉय) असेल, तर त्याला पाणी प्यायलाही उसंत मिळणार नाही. म्हणून हाय फ्लोची यंत्रं घेण्याआधी ही बेरीज करायला हवी. ती न करता यंत्रं लावली की मुख्य पाइपमध्ये ४ बार दाब दिसत असूनही टोकाच्या खाटेवरचा व्हेंटिलेटर कमी दाबाचा अलार्म देऊ लागतो. जुनी बारीक नळी एवढा वायू वाहून नेऊ शकत नाही. जेवायला किंवा संडासला उठलेल्या रुग्णाचा फ्लोमीटर १५ वर उघडा राहिला, तर २० मिनिटांत ३०० लिटर हवेत जातात. हे थांबवायला पैसा लागत नाही, लक्ष लागतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ठिकठिकाणी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांट बसले. ही मोठीच सोय झाली, पण प्लांट नुसता उभा असून भागत नाही. त्यातले झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. या झिओलाइटला ओल अजिबात चालत नाही. कॉम्प्रेसरनंतरचा ड्रायर बिघडला किंवा पाणी काढणारा ड्रेन तुंबला, की ओलसर हवा आत जाते आणि शुद्धता घसरू लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. अशा उष्णतेत कॉम्प्रेसर तापून बंद पडतो आणि धुळीने हवेची जाळी भरते. म्हणून शेडला वारा हवा, जाळी वरचेवर साफ हवी आणि साथ नसली तरी प्लांट नियमित चालवायला हवा. शुद्धता ९३ टक्के, फार तर ३ इकडेतिकडे. ९० च्या खाली गेली की लगेच सिलिंडरवर यायचं. अशा प्लांटवर व्हेंटिलेटरचं बटण १०० वर नेलं तरी रुग्णाला मिळतात ते ९३. ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं कॅलिब्रेशनही (माप जुळवणं) याच वायूवर केलं, तर यंत्र ९३ ला १०० समजतं आणि पडदा खोटं बोलतो. शिवाय दाब वाढवणारा बूस्टर नसेल तर या प्लांटवर सिलिंडर भरता येत नाहीत.

द्रव ऑक्सिजनची टाकी असेल तिथे गणित वेगळं: १ लिटर द्रवाचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. पण टँकर चाकणहून निघाला तर नांदेडला पोचेपर्यंतचा वेळ साठ्यात धरावा लागतो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात टाकीपाशी गळती झाली, पुरवठा तुटला आणि रुग्ण दगावले. टाकीची झडप बंद केल्यावर सिलिंडरची रांग आपोआप सुरू होते का, हे खरोखर झडप फिरवून, वॉर्ड रिकामा असताना तपासायला हवं. प्रत्येक झडपेवर तिच्या वॉर्डाचं नाव मराठीत रंगवून घ्यावं. पाना साखळीने तिथेच बांधलेला असावा. सिलिंडरच्या तोंडाला तेल-ग्रीस कधीही लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. गळती बघायला साबणाचं पाणी पुरतं.

कपाटात ठेवलेले व्हेंटिलेटरही झिजतात. बॅटरी चार्जिंगविना मरते. ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा सेल वापरला नाही तरी वर्ष-दोन वर्षांत संपतो. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घालू नये: क्षार बसतात, जंतू वाढतात. निर्जंतुक पाणीच हवं, आणि बाटलीत उरलेल्या पाण्यावर नवं पाणी ओतायचं नाही.

आणि माणसं. फुप्फुसांत हवा नीट पोचावी म्हणून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करायला पाच जण लागतात. एक डोक्याशी, ज्याने श्वासाची नळी सोडायचीच नाही, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन. आधी पोटातली नळी रिकामी करायची, डोळ्यांना मलम लावून पट्टी, इलेक्ट्रोड छातीवरून पाठीवर, मग डोक्याजवळच्याने मोजल्यावर सगळ्यांनी एकदम. असं सलग १६ तास ठेवायचं आणि मध्ये-मध्ये मान वळवायची, नाहीतर गालावर, कपाळावर जखमा पडतात. व्हेंटिलेटरने एका श्वासाला किती हवा द्यायची, ते माप काट्यावरच्या वजनावर ठरत नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं, किलोमागे ६ मिलिलिटर. जाड माणसाला जास्त हवा दिली तर फुप्फुस फाटू शकतं. हे चार दिवसांच्या प्रशिक्षणात हातात बसत नाही. एका सिस्टरकडे असा एक रुग्ण हवा, फार तर दोन. साथ ओसरली की कंत्राट संपतं आणि शिकलेले हात निघून जातात; पुढच्या वेळी पुन्हा अ-आ-ई पासून सुरुवात. आमचं यावर ठाम मत आहे: नवी खाट घेण्याआधी या सिस्टर-ब्रदरना कायम करा.

प्रत्येक शासकीय रुग्णालयाने दर महिन्याला दारावर एवढं लिहावं: प्लांटची त्या दिवशीची शुद्धता, भरलेले जंबो किती, चाचणीत उतरलेले व्हेंटिलेटर किती, ते चालवणारे प्रशिक्षित हात किती. आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर प्लांटचा कॉम्प्रेसर चालतो, की फक्त दिवे आणि पंखे, हेही. वर धरलेल्या २० खाटांच्या वॉर्डात चार तास वीज नसली आणि कॉम्प्रेसर जनरेटरवर नसला, तर भरलेले १५ जंबो मॅनिफोल्डला जोडलेले लागतील.

– अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या काही परिचारिका व तंत्रज्ञ, लातूर