निरोप देणाऱ्या मुलीचे आभार

२६ मार्च १९७४. आजच्या उत्तराखंडातल्या रैणी गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या कामासाठी चमोलीला गेले होते. झाडं तोडायला निघालेली माणसं एका लहान मुलीला दिसली आणि ती धावत गावच्या महिला मंडळाच्या प्रमुख गौरा देवींकडे गेली. पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे: बायका जंगलात गेल्या, झाडांपुढे उभ्या राहिल्या, रात्रभर पहारा दिला. १९८० साली त्या हिमालयी भागात हिरवी झाडं तोडायला १५ वर्षांची बंदी आली. झाडं वाचवण्याच्या या 'चिपको' चळवळीच्या इतिहासात गौरा देवींचं नाव राहिलं, आणि ते योग्यच.

पण बाई गं, तू धावली नसतीस तर?

म्हणून हे आभार तुझे. त्या रात्री पहाऱ्याला बसलेल्या बाकीच्या बायकांचेही. आणि जगभरातल्या चळवळींत पत्रकं वाटणाऱ्यांचे, सतरंज्या उचलणाऱ्यांचे, सभेला गेलेल्या आईची पोरं सांभाळणाऱ्या शेजारणींचे. १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला अमेरिकेत सुमारे २ कोटी लोक बाहेर पडले म्हणतात. त्यातली किती नावं आज सांगता येतील? कायदे बदलले ते या गर्दीच्या रेट्याने. फोटोत मात्र पुढची रांगच येते (फोटो काढणाराही नसतोच त्यात!). त्याचेही आभार.